आदत हो जाएगी

बाबांच्या हाडांत कॅन्सर पसरला तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, दर चार तासांनी, घड्याळ लावून. डॉक्टरांना मराठी समजतं, पण बोलतात हिंदी. म्हणाले, "शुरू में जी मिचलाएगा, चक्कर आएँगे, फिर आदत हो जाएगी." बाबांनी त्यातला 'आदत' तेवढा एक शब्द उचलला आणि मला काही न बोलता घरी आणला.

बाबा गणिताचे मास्तर. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही आणि त्याचा तोरा केवढा! त्यातून देपालपुरात नोकरीला असताना अफीमपायी बसलेली घरं त्यांनी पाहिलेली, आणि मॉर्फिन अफूतूनच निघतं हे त्यांना ठाऊक. गोळी दिली की म्हणायचे, ठेव तिथे, घेतो. मला ऑफिस गाठायचं असायचं. मी निघाले की हे गृहस्थ दात आवळून सोसत बसायचे, आणि अगदी असह्य झालं की मग एक घ्यायचे. दुखणं तोवर एवढं चढलेलं, ते एका गोळीला कशाला दाद देतंय! वर मलाच ऐकवायचे, तुझ्या डॉक्टरच्या औषधात काही दम नाही.

झोप लागेना म्हणून त्यांनी मल्हारगंजातल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन करून झोपेच्या गोळ्या मागवल्या. त्या साध्या, त्यांचं काय एवढं, असा मास्तरांचा हिशेब. एका दुपारी दोन्ही एकदम घेतल्या. मी घरी आले तर हाका मारून उठेनात, आणि श्वास इतका सावकाश की मी लगेच गाडी बोलावली.

दवाखान्यात सुई देऊन त्यांना शुद्धीवर आणलं. मॉर्फिनवर झोपेची गोळी म्हणजे श्वासच थांबायचा, डॉक्टर म्हणाले. माझा पारा चढला. सगळ्या वॉर्डासमोर मी बाबांना नाही नाही ते बोलले. ते डॉक्टरांकडे बघून म्हणाले, "आदत होईल असं तुम्हीच म्हणालात ना? मला अफीमबाज होऊन मरायचं नाही."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग मोडक्या मराठीत म्हणाले, "काका, मी मळमळीचं बोललो होतो. तिची शरीराला सवय होते." अशा दुखण्याला गोळी सांगितल्याप्रमाणे घेतली, तर व्यसनाची भीती फार कमी, फक्त मनाने एकदम बंद करायची नाही, हेही त्यांनी समजावलं.

मग गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. बाबा जेवले, स्वस्थ झोपले, माझ्या पोह्यांना नावं ठेवायला लागले. घर जरा घरासारखं झालं.

परवा रविवारी त्यांनी वेळेच्या आधीच गोळी मागितली. अजून तास आहे, मी म्हटलं. थोड्या वेळाने परत मागितली. मी त्यांच्याकडे बघितलं. कसं बघितलं कोण जाणे, पण मास्तरांनी ते बरोबर वाचलं.

"दुखतंय म्हणूनच मागतोय गं," ते हळूच म्हणाले.

मी डॉक्टरांना फोन लावला. दुखणं वाढलंय, डोस वाढवू, ते लगेच म्हणाले. वाढवला.

तेव्हापासून बाबा गोळी मागत नाहीत. मीच जाता-येता विचारते, दुखतंय का? ते माझ्याकडे न बघता म्हणतात, नाही.