केळीच्या पाल्यावर चाललेलं चाक

परवा मुलीच्या सायकलचं पंक्चर काढायला सोल्यूशनची ट्यूब उघडली आणि त्या उग्र वासासरशी मी थेट चोपड्याच्या रस्त्यावर जाऊन पोचले.

तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. मी आणि माझी मैत्रीण सुनीता धरणगावहून सायकलींवर सातपुड्याच्या पायथ्याला निघालो होतो. दोघींनीच एवढ्या लांब जायची परवानगी पहिल्यांदा मिळाली होती! तापीचा पूल ओलांडला आणि माझ्या मागच्या चाकाची ट्यूब व्हॉल्व्हपाशीच फाटली. तिथे ठिगळ बसत नाही आणि जादा ट्यूब घ्यायचं सुचलंच नव्हतं. घरी फोन केला असता, तर पुन्हा कुठे जायला मिळालं नसतं.

शेजारच्या केळीच्या बागेतून एक अक्का बघत होत्या. सुनीता अचानक ओरडली, "ट्यूब काढून टाक! टायरमध्ये वाळका पाला ठासून भरू!"

"ली जा, हाऊ बठ्ठा पाला तुमनाच शे," म्हणत अक्कांनी बागेतला सगळा वाळका पाला आमच्यापुढे लोटला आणि स्वतःच ठासायला बसल्या. टायर टणक झाला. चाक खडखडत का होईना, फिरलं! आम्ही नाचलोच.

तेवढ्यात अक्का लाजत म्हणाल्या, "माले बी बसाड ना."

त्या सुनीताच्या कॅरिअरवर बसल्या, चेहरा लहान मुलीसारखा फुललेला. तेव्हा मला त्याचं नुसतं हसू आलं होतं. आता त्यांच्या वयाची झाल्यावर त्यांचा तो चेहरा कळतो. बांधापर्यंतच जायचं ठरलं होतं. बांध मागे पडला, तरी पदर खोचलेल्या अक्का सुनीताच्या पाठीवर थापा मारत होत्या, "आखो पुढे! आखो पुढे!"