बापूरावांची झडती

आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतले दोन जुने शेजारी भेटले की बापूरावांचा विषय निघतोच. सांगणारे थकतात, किस्से संपत नाहीत!

बापूराव जबलपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात गेटवर होते. येणाऱ्याचे हात वर, खिसे तपास, काडीपेटी काढून घे, हेच काम. लढाई सुरू झाली आणि त्यांचा संशय घरापर्यंत पोचला. दाराशी आग विझवायच्या रेतीची लाल बाल्टी आली, आणि येईल त्याला एकच शब्द, "खिसा!"

मी रोजचा शेजारी, पण मलाही सोडलं नाही.

"बापूराव, मी बिडी पीत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

"न पिणाऱ्याच्याच खिशात सापडते!"

*

घरातली काडीपेटी त्यांच्याच ताब्यात. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, सिगडी पेटवायची असली की हे उठणार, काडी ओढणार, विझलेली काडी पाण्यात बुडवणार, मगच बसणार. एकदा घाईत पेटी खिशात तशीच राहिली. त्या दिवशी गेटवर सापडलेली पहिली काडीपेटी त्यांचीच! स्वतःच शोधली, स्वतःविरुद्ध रिपोर्टही स्वतःच लिहिला.

*

ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळा कागद लावलाय का, ते बघायला नागरी संरक्षणाचा वॉर्डन आला.

"भैया, अंदर देखना है."

"पहले जेब दिखाओ!"

लायटर निघाला. बिचाऱ्यानं सगळी पाहणी बाहेर बाल्टीजवळ उभं राहूनच केली.

*

पण वहिनींना यात हसू येत नव्हतं. त्यांच्या मुलीला, नलूला, बघायला आलेली दोन स्थळं खिसे उलटे करून, चहा न घेता निघून गेली होती. तिसऱ्या वेळी त्यांनी दम भरला, "कोणाच्या खिशाला हात लावाल तर मी माहेरी जाईन! काहून पोरीच्या जिवावर उठून राहिले?"

बापूराव ड्युटीवरून थेट आले, खाकीतच. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून दाराशी उभे राहिले. मुलाचे आईवडील आत गेले. मुलगा भंडाऱ्याकडच्या दारूगोळा कारखान्यातला. त्यानं खाकी पाहिली, लाल बाल्टी पाहिली, आणि उंबऱ्याबाहेर दोन्ही हात वर करून थांबला!

बापूरावांची बोटं शिवशिवली, पण हात सुटले नाहीत.

"अरे, आत ये ना!" मुलाची आई म्हणाली.

"झडती व्हायची आहे अजून," मुलगा म्हणाला.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी. गेलं, हेही स्थळ गेलं!

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन नलू बाहेर आली. ट्रे खाली ठेवला, सरळ मुलासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "खिसा!"