डाव्या कानातला तंबोरा

"ह्यो नका घेऊ बाई. ह्याच्यात खर्ज न्हाय."

वाशीच्या एका दुकानात मी वॉकमनला लावायचे, कानात बसणारे इअरफोन बघत होते. मागे वळले तर सदऱ्यावर तागाचे धागे चिकटलेले, अंगाला कांद्याचा वास, असे पन्नाशीचे एक माथाडी कामगार उभे. मी गाण्याच्या परीक्षा दिलेली, कोपरखैरण्याच्या शाळेत संगीत शिकवणारी. मार्केटात पोती वाहणाऱ्या माणसाने मला खर्ज सांगावा? खरं सांगायचं तर मला रागच आला.

त्यांनी खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कॅसेट काढली आणि दुकानातल्या वॉकमनमध्ये घातली. तिच्यावर गाणं नव्हतंच. जोडीचे दोन तंबोरे, तासभर. "गानारा काय, पत्र्याच्या डब्यातनं बी ऐकू येतो," ते म्हणाले. "तंबोरा ऐका. चारी तारा सुट्ट्या लागल्या पायजेत. आन कानात नीट बसला न्हाय तर खर्ज गळून जातो, मग कितीबी भारी घ्या." त्यांनी निवडलेला जोड मी मुकाट्याने घेतला. घरी येऊन नेहमीचा मारवा लावला आणि हादरलेच. दहा वर्षं ऐकलेल्या त्या कॅसेटमध्ये तंबोरा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

हे सर्जेरावमामा. साताऱ्याकडचे. ऐन विशीत मिरजेला तंबोऱ्याच्या कारखान्यात भोपळे घासायला होते. पुढे तारेखाली दोरा सरकवून तिला गुंजती करण्यापर्यंत, म्हणजे जवारी काढण्यापर्यंत, हात गेला. मग थोरला भाऊ गेला, घर अंगावर पडलं आणि त्याच्या जागी ते मार्केटात पोती उचलायला आले. ती कॅसेट कारखान्याच्या जुन्या मालकांच्या मुलाने भरून दिलेली. हे सगळं ते आज कांदा ओला आहे असं सांगावं तसं सांगायचे.

माथाडी वसाहत शाळेच्या शेजारीच. शाळा सुटली की फाटकाबाहेरच्या कठड्यावर मामा भेटायचे. नेहमी माझ्या डाव्या हाताला बसायचे. मी कधी उलट बसले तर उठून जागा बदलायचे, आणि ही त्यांची लहर म्हणून मी हसायचे. इअरफोनच्या बाबतीतही त्यांचा एक दंडक होता. डावा डाव्याच कानात, उजवा उजव्याच. "तंबोरं जोडीचं असत्यात बाई. उलटं घातलं म्हंजी मैफिलीकडं पाठ करून बसल्यावानी."

दोनेक वर्षांनी मामांचा इअरफोनचा जोड बिघडला. नवा घेतला, आठ दिवसांत परत केला. दुसरा घेतला, तोही परत, मग तिसराही. "डाव्यातला तंबोरा मेलाय. हल्ली माल कसा बनिवत्यात कुनास ठाऊक." चौथ्या जोडाच्या वेळी ते दुकानदाराला भर दुकानात लबाड म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी सेल घ्यायला गेले तर दुकानदाराने ते परत आलेले तिन्ही जोड माझ्यापुढे टाकले. "मॅडम, तुम्हीच ऐका. मी खोटं बोलत असेन तर दुकान बंद करतो."

मी ऐकले. तिन्हीत डावी बाजू स्वच्छ वाजत होती. चौथ्याचं काय असणार, हेही मला तिथेच कळलं. कठड्यावर ते माझ्या डाव्या हाताला का बसतात, तेही. 

सांगायचं कसं? दोन दिवस मी शाळेच्या मागच्या दाराने घरी गेले. तिसऱ्या दिवशी कठड्यावर त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "मामा, एकदा उलटं घाला. माझ्यासाठी."

"छ्या. तसं न्हाय करत."

"मामा, घाला."

त्यांनी घातलं. मेलेला तंबोरा उजव्या कानात गेला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि नको ते केलं असं मला वाटत होतं. त्यांनी डोळे मिटले.  "जिवंत हाय की ह्यो," इतकंच म्हणाले. मग डाव्या कानावर तळहात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "पंचवीस वर्सं पोतं ह्याच अंगाला घेतलं. कान हितंच दाबला जायचा."

मला वाटलं ते रडतील किंवा माझ्यावर चिडतील. ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला. त्या मानसाला मी लबाड म्हनलो." बसने आम्ही वाशीला गेलो. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मामांनी हात जोडले. "माल चांगला हाय तुमचा. कान माझा गेलाय."  

त्यानंतर तो चौथा जोड त्यांनी ठेवला. उजवा उजव्या कानात, डावा छातीवर लोंबता. डावा त्यांनी डाव्या कानात पुन्हा घातला नाही, आणि दंडक मोडून उजव्या कानातही घातला नाही.

पुढे काम सोडून ते गावी निघाले. टेम्पो भरला होता. त्यांनी कॅसेट आणि इअरफोन माझ्या हातात दिले. मी म्हटलं, "आणि तुम्ही काय ऐकणार?"

"एका कानाला रेडिओ बास झाला." टेम्पोत चढता चढता ते वळले. "उजवा वापरलेला हाय बाई. डावा नवाच हाय."