सदू पाष्टेच्या खिशातली किल्ली

सदू पाष्टे हट्टी माणूस, हे त्याच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. चाळीस वर्षं त्याने गाडी चालवली, पण शेजारी बसून कुणी 'सांभाळून हां' म्हटलं की हा गाडी कडेला घ्यायचा आणि म्हणायचा, "मग तुमीच चालवा." आंब्याच्या पेट्या, लग्नाची वऱ्हाडं, गणपतीपुळ्याला निघालेले पाहुणे, एकदा तर व्यायला झालेली म्हैस, सगळं त्याने सुखरूप पोचवलं. असा हा माणूस बासष्टाव्या वर्षी, भर एप्रिलात, खाडीकडे उतरणाऱ्या वळणावर आंब्याने भरलेली पिकअप घेऊन डाव्या गटारात गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण चाळीस क्रेट रस्त्यावर सांडले आणि त्यातले निम्मे आंबे पाठून आलेल्या एसटीखाली गेले.

गाडी बागायतदार यज्ञेशची. त्याच्या वडिलांच्या, भास्कररावांच्या काळापासून सदू तिथे कामाला. यज्ञेशला गाडी शिकवली तीही सदूनेच, बागेवरच्या कातळावर. बागेची वाट त्या कातळातूनच जाते आणि गाडीचं पोट दगडाला घासतं, ही तक्रार जुनी. भास्करराव असते तर त्यांनी दगड फोडून घेतला असता. मुलाने मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि घाटावर नेऊन गाडीच वीतभर उंच करून आणली. खाली स्प्रिंगचे जाड पाटे, त्याखाली हे भलेमोठे टायर. दिसायला झोकात, ते मात्र कबूल केलं पाहिजे.

पहिल्याच आठवड्यात सदू म्हणाला होता, "भाऊ, ही ब्रेक दाबला की डावीकडं वढते." यज्ञेशने गाडी शहरात नेली, कॉम्प्युटरवर चाकांची अलाइनमेंट करून घेतली आणि कागद आणून दाखवला. सगळे आकडे हिरवे. "बघा सदूकाका, गाडीत काही नाही." झालं. शिकलेल्या माणसाला कागद मिळाला की त्याचे कान बंद होतात.

गटारातून गाडी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या शेडमध्ये आंबा निवडणाऱ्या आठ बायका बसलेल्या होत्या. त्यांच्यासमोर यज्ञेश म्हणाला, "सदूकाका, वय झालं आता. हात थरथरतात तुमचे, चहा पिताना सगळे बघतात. चूक झाली एवढं म्हणा, मी विषय संपवतो. इथे सावलीत पेट्यांना लेबलं लावत बसा. गाडी उद्यापासून आपला क्लीनर बाळा चालवेल."

हे सगळं अगदी गोड आवाजात. ओरडला असता तर सदूला इतकं लागलं नसतं.

"चूक माझी नाय," सदू म्हणाला. "आनी त्या बाळालापन ह्या गाडीत बसवायचा नाय. फुकट मरंल." त्याने किल्ली खिशात घातली आणि घरची वाट धरली.

घरी बायको, यमुनाबाई, वैतागली. "म्हनून टाका ना चुकला म्हनून. तोंडाला काय फोड येतात?"

"चुकला असता तर म्हटला असता."

तोऱ्यात म्हणाला खरा, पण आतून त्याला खात्री नव्हती. कारण हात खरोखरच थरथरायचे. गेल्या गणपतीपासून. वळणावर आधी गाडी गेली की आधी आपला हात गेला, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. चाळीस वर्षांत असा प्रश्न त्याला पडला नव्हता आणि बायकोलाही तो सांगवत नव्हता.

शेवटी त्याने दर्शनाला फोन लावला. एमआयडीसीच्या रस्त्यावर ती बापाचं गॅरेज चालवते. गाडीखाली शिरली की बोलत नाही आणि बाहेर आली की कुणाची भीड ठेवत नाही. दुसरा फोन यज्ञेशला. "किल्ली पायजे तर अकरा वाजता शेडसमोर या. बायांना घरी धाडू नका."

यज्ञेश आला तो कागद हातात घेऊनच. दर्शना पाठीला लाल माती लावून गाडीखालून निघाली. "कागद खरा आहे," ती म्हणाली. "पण तो उभ्या गाडीचा. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खाली जातं, तेव्हाचं कुणी बघितलंय?"

"ताई, मशीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

"मशीनला कुणी विचारलंच नाही. मी विचारते." तिने स्टेअरिंगच्या बरोबर माथ्यावर पांढरी सुतळी बांधली. चार हमाल पुढच्या बंपरवर चढून दाबणार आणि आत बसलेल्या माणसाने स्टेअरिंगला हात लावायचा नाही.

सदू चढायला निघाला आणि दारातच थांबला. मी बसलो तर म्हणतील म्हाताऱ्याने हलवलं. तो मागे वळला.

"यज्ञेश, तू बस. हात मांडीवर ठेव."

यज्ञेश मालक झाल्यापासून दहा वर्षांत पहिल्यांदा सदू त्याला अरेतुरे करत होता. यज्ञेश चढून बसला.

"दाबा," दर्शना म्हणाली. सदूने नजर बायकांकडे वळवली. सुतळी हलली नाही तर? मग हातच गेले म्हणायचे, आणि आयुष्यभर लेबलं.

"अगो बाय, फिरला गो," एक बाई म्हणाली.

स्टेअरिंग आपसूक फिरलं होतं. सुतळी माथ्यावरून चांगली चार बोटं सरकली. हमाल उतरले, ती जागेवर आली. पुन्हा दाबलं, पुन्हा सरकली. यज्ञेशचे हात मांडीवरच होते.

"गाडी उचलली," दर्शना म्हणाली, "पण स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा हा दांडा होता तिथेच ठेवला. आधी आडवा होता, आता तिरका झालाय. नाक दबलं की तो चाकाला ढकलतो. भरलेली गाडी, उतार, करकचून ब्रेक, मग काय होणार? दांड्याची जोड खाली घ्यायला हवी."

"पण आत्ता तर स्टेअरिंग फिरलं," यज्ञेश म्हणाला. "त्या दिवशी चाकं वळली."

"कारण आत्ता त्याला कुणी धरलं नव्हतं. त्या दिवशी काकांचे हात ढिले असते तर ते असंच हातात फिरलं असतं. त्यांनी सरळ धरलं, सोडलं नाही, म्हणून चाकं वळली."

सदूने हे ऐकलं आणि तो शेडच्या पायरीवर बसला. डोळे भरून आले, ते त्याने पुसलेही नाहीत.

एका बाईने चहा आणून दिला. गेले सात-आठ महिने हा पाठमोरा होऊन चहा प्यायचा. आज सगळ्यांसमोर त्याने कप उचलला. कप बशीवर वाजला, थोडा चहा सांडला.

"बघ नीट," तो यज्ञेशला म्हणाला. "थरथरतात. चहाला थरथरतात. आता जे बायांसमोर बोललास, ते बायांसमोर परत घे."

यज्ञेशने कागदाची घडी केली. "चूक माझी होती, काका. तुमची नाही." आठही बायकांना ऐकू गेलं. मग त्याने किल्लीसाठी हात पुढे केला.

सदूने खिशातून किल्ली काढली आणि ती दर्शनाच्या हातात ठेवली.

"दांडा झाला की मना फोन कर गो बाय," तो म्हणाला. "गाडी न्यायला मीच येनार."