काकींचा उजवा पाय

काकींचा उजवा पाय कापावा लागेल, असं गोव्याच्या मोठ्या इस्पितळातल्या सर्जननी सांगितलं होतं. साखरेचा आजार आणि तळव्याला चिघळलेली जखम. काकींनी हात जोडले, तेव्हा ते म्हणाले, "महिनाभर रोज ड्रेसिंग करा, पायावर भार देऊ नका. मग बघू."

हे रोजचं ड्रेसिंग माझ्या गळ्यात पडलं. शिरोड्याकडच्या आमच्या छोट्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणजे मी एकटीच. दुसरी जागा रिकामी, ती कधी भरणार ते देव जाणे! गॉजसुद्धा जपून वापरायचा. त्यात सगळ्या गावाच्या या काकी मासे विकणाऱ्या, तोंडाने तिखट. किनाऱ्यावरच्या माशांच्या लिलावात त्यांच्यासमोर बोली लावायला भलेभले कचरायचे.

दहा दिवस झाले तरी जखम होती तशीच. माझंच काहीतरी चुकतंय या विचाराने मला घास गोड लागेना. अकराव्या दिवशी पट्टी सोडली, तर अगदी आतल्या थरात माशाचा खवला! मी बांधलेल्या पट्टीत खवला शिरलाच कसा?

"काकी, पट्टी कोणी सोडली होती?"

"माका काय ठावक?" काकी छताकडे बघत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ड्युटीआधी सरळ किनारा गाठला. लिलाव नुकताच संपला होता. काकी पाण्याच्या कडेला बसलेल्या, पट्टी मांडीवर आणि तो पाय चक्क लाटेत! माझं डोकंच फिरलं.

"अहो, काय चाललंय हे?"

"वरडतस कित्या गो? दर्याच्या पाण्यान जखम सुकता. आणि तू तरी काय करतस? तुझा सलाइन म्हणजे मिठाचाच पाणी मा?"

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "माझ्या मिठाच्या पाण्यात माशांची घाण नसते! होड्यांचं डिझेल नसतं! आणि रोज तासभर या पायावर उभ्या राहता ते वेगळंच. कापू दे पाय, मग कुबड्या घेऊन या लिलावाला!"

लिलावाच्या बायका वळून बघू लागल्या. काकींचा चेहरा उतरला. इतकं लागेल असं बोलायला नको होतं, पण बोलले ते बोलले.

तेवढ्यात एक बाई पुढे आली. लिलावात काकींशी रोज भांडणारी. "घराक बस गो. तुझी बोली मी लावतंय."

"तू? तू माका सुरमय मिळूक देशीत?"

"नाय इश्वास? मग फोनवर बघ!"

आणि तसंच झालं. रोज सकाळी काकी घरी खाटेवर, पाय उशीवर, हातात मोबाइल. तिकडे ती बाई व्हिडिओ कॉल लावून फोन माशांच्या ढिगावर धरायची आणि इकडून काकी बोली ठोकायच्या. मीही दवाखान्यात जाण्याआधी त्यांच्या घरीच ड्रेसिंग करू लागले. बोली रंगात आली की काकी पाय झाडायच्या. "हलू नका हो!" मी ओरडायची. "गप बस गो, सुरमय जाता!" त्या माझ्यावर ओरडायच्या.

आठवड्यात जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. पुढच्या आठवड्यात खड्डा भरू लागला. मी रोज मोजपट्टी लावायची आणि मनातल्या मनात उड्या मारायची.

महिन्याने रजा टाकून मीच काकींना गोव्याला घेऊन गेले. सर्जननी पाय उलटसुलट करून पाहिला, जुना कागद पाहिला, परत पाय पाहिला.

"ड्रेसिंग कोणी केलं?"

काकींनी मला दंडाला धरून पुढे ओढलं. "आमच्या ह्या बायन."

"छान काम केलंत, सिस्टर," ते म्हणाले, आणि कागदावरच्या 'पाय काढणे' या शब्दांवर त्यांनी आडवी रेघ मारली.

"म्हणजे कापूचो नाय मा?" काकींनी विचारलं.

"नाही, आजी. पाय तुमचाच."

एवढ्या भांडखोर काकी, पण दोन्ही हातांनी तो पाय धरून त्या ढसाढसा रडल्या. मग माझ्याकडे बघून मलाच दटावलं, "तू कित्या रडतस गो? पाय माझो!"