चित्राला तीट

चित्र टांगायला देऊन आले त्या दिवसापासून मला घरात बसवेना. परदेशात, आंग मो किओ नावाच्या वस्तीतल्या आमच्या ब्लॉकजवळच कम्युनिटी सेंटर होतं. तिथल्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये वस्तीतल्या हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरायचं. नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. रविवारी मी तिथेच चित्रकलेच्या वर्गाला जायचे. शिकवणारे एक म्हातारे चिनी गृहस्थ. त्यांना आम्ही सगळेच अंकल म्हणायचो. माझं चित्र भिंतीवर लागणार होतं ते पहिल्यांदाच.

चित्र साधंच होतं: स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेला नवऱ्याचा बॉयलर सूट, म्हणजे इंजिनावर काम करताना घालायचा सबंध अंगाचा पोशाख. नवरा मरीन इंजिनिअर. तो सूट बॅगेत भरून तो जहाजावर गेला आणि मी आठवून आठवून रंगवत राहिले. जहाज आखातातून निघालं, एवढा फोन आला होता. पुढे काहीच नाही. बंदर लागल्याशिवाय फोन होत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग?

चित्र पूर्ण झालं त्या संध्याकाळी मी डोळ्यातलं काजळ करंगळीवर घेतलं आणि कॅनव्हासच्या खालच्या कोपऱ्यात बारीकशी तीट लावली.

आता मी फिजिक्सची बी.एस्सी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मुलगी झाली तेव्हा आईने तिच्या गालाला लावलेली तीट मी ओल्या फडक्याने पुसून टाकली होती. आई म्हणाली होती, "तू शिकलीस, चांगलं झालं. लोकांचे डोळे कुठे शिकलेत?" तेव्हा मी हसले होते.

उद्घाटनाच्या सकाळी मुलीला घेऊन लवकरच गेले. ती पुढे पळाली, चित्रापाशी थांबली आणि शेजारच्या पोरांकडून उचललेलं 'लाह' शेवटी जोडून मला म्हणाली, "आई, डर्टी होतं ना, अंकलनी क्लीन केलं, लाह."

तीट नव्हती. टांगताना अंकलना डाग दिसला होता. कुणाचा तरी अंगठा लागला असणार असं समजून त्यांनी टर्पेंटाइनच्या बोळ्याने तो अलगद टिपून घेतला होता, खालच्या रंगाला धक्का न लावता. मोठ्या आपुलकीने ते हे सगळं सांगत होते. मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग माझी जी घालमेल सुरू झाली! ऑर्किडची चित्रं पाहिली, कोई माशांची पाहिली, एकही डोक्यात शिरलं नाही. पाणी प्यायले. परत आले. मनाला समजावलं, की काजळ म्हणजे नुसता कार्बन आणि तूप. त्याचा जहाजाच्या इंजिनाशी काय संबंध? पुन्हा पाणी प्यायले. बाहेर प्रमुख पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत होते. थोड्या वेळात सगळी वस्ती आत येऊन तो सूट बघणार होती. त्याच्या आत माणूस नव्हता, बाह्या लोंबत होत्या. असं का काढलं मी हे चित्र, असंही वाटून गेलं.

शेवटी अंकलना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, लोकांना तो डागच वाटेल, वर्गाचं नाव खराब होईल. हवं तर कॅनव्हासच्या मागे लाव.

"नजर पुढून लागते, अंकल."

ते हसले. "तू तर सायन्सवाली. नावापुढे बी.एस्सी. लिहा म्हणून तूच माझ्या मागे लागली होतीस."

ते खरं होतं. चित्राखालच्या कार्डावर सबंध हॉलमध्ये फक्त माझी डिग्री होती, आणि वर्गातल्या बायका त्यावरून मला चिडवतही होत्या.

"हो," मी म्हटलं. "सायन्सवाली आहे. आणि नवरा समुद्रात आहे."

लोकांनी हात लावू नये म्हणून चित्रांपुढे दोरी बांधली होती, ती अंकलनी एका हाताने उचलून धरली. मी आत गेले, डोळ्याच्या कडेला करंगळी फिरवली आणि कोपऱ्यात टेकवली. तीट जरा मोठीच झाली.

फीत कापली गेली, माणसं आत आली. मी चित्राच्या बाजूला उभी राहिले ती हललेच नाही. शेजारच्या ब्लॉकमधल्या एक बाई वाकून बघू लागल्या. भल्या बाई. पर्समधून टिश्यू काढून त्यांनी हात पुढे केला.

"पुसू नका," मी म्हटलं. "मी लावलंय ते."

त्यांनी विचारलं, काय आहे? आजूबाजूचे दोघंतिघं वळून बघायला लागले, माझी मुलगीसुद्धा. मी म्हटलं, तीट. त्याला इंग्रजी शब्द शोधत बसले नाही. नजर लागू नये म्हणून आमच्याकडे लावतात, एवढं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आणि पुढचा माणूस चित्राजवळ येताना दिसला तशी त्याच्याकडे वळले.