खालच्या माणसाचे हात

१९९४ साल. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो आणि दोन्ही कानांनी बहिरा झालो होतो. हे मला ठाऊक होतं आणि आणखी एका माणसाला. घरी सांगितलं नव्हतं, कंपनीत तर नाहीच नाही.

रोह्याच्या एका कारखान्यात मी क्रेन चालवायचो. शेडच्या छपराखाली रुळांवर फिरणारी क्रेन, तिला लटकलेली माझी केबिन, आणि खाली लोखंड ठोकणारे घण. अठरा वर्षं त्या घणांच्या डोक्यावर बसलो. कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग बायकोचं बोलणं, मग आमच्या कासू गावच्या फलाटावर गाडीची शिट्टी.

क्रेनवाल्याला कान कशाला लागतात, असं मी स्वतःला सांगायचो. खाली उभा असतो तो माणूस हातांनी सांगतो. अंगठा वर, म्हणजे उचल. पंजा पालथा करून दाबला, म्हणजे सोड. मूठ आवळली की थांब. माझा खालचा माणूस नदीपलीकडच्या अष्टमी गावचा, मुसलमान, माझ्याच वयाचा. चौदा वर्षं तो खाली आणि मी वर. शिफ्ट सुरू होताना मी शिडीला हात लावून कपाळाला लावायचो. तो खाली दोन्ही तळवे उघडून काही पुटपुटायचा, मग तेच हात तोंडावरून फिरवायचा. आणि मग अंगठा.

माझं बहिरेपण त्यानेच ओळखलं. बोलला काही नाही. फक्त छातीशी करायचा त्या खुणा डोक्याच्या वर करायला लागला, आणि मला हाका मारणं त्याने सोडलं.

मी चौथी शिकलेला. पुस्तक वाचायला मला जड जातं, पण लोकांचे हात मी भराभरा वाचायचो. टपरीवर कोणी पंजा उताणा करून हलवला, की विचारतोय काय झालं. पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली, की जेवलास का. ज्यांचे हात खिशात ते माझ्यासाठी मुकेच. बायको भाकऱ्या थापता थापता बोलायची, तिचे हात पिठात, पाठ माझ्याकडे. मी उत्तर देत नसे. मग ती उठून कमरेवर हात ठेवून समोर यायची, तेव्हा ओठांवरून कळायचं. म्हणायची, "एवढा कसला माज हाय तुमाला?" गावातही तेच म्हणायचे. मी म्हणू दिलं. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा माजोरी बरा.

देवापुढे मात्र पंचाईत व्हायची. डोळे मिटले की मी विहिरीत पडल्यासारखा. म्हणून मी डोळे उघडे ठेवून, बाजूच्याच्या हातांकडे बघत आरती करायचो. त्या वर्षी पेणला मेहुण्याच्या घरी गणपतीला मन जरा भरून आलं आणि डोळे मिटले गेले. उघडले तर सगळ्यांचे हात जोडलेले, आणि मी एकटाच टाळ्या वाजवतोय. पोरंटोरं हसली. मेहुणा म्हणाला असेल, भावोजी रंगले. मी तसंच रंगल्याचं सोंग केलं.

गणपती गेले आणि खालच्या माणसाने एक दिवस पंजा विमानासारखा वर नेला. मला वाटलं, थट्टा करतोय. चहाच्या वेळी समोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश म्हणाला की व्हिसा आलाय, आखातातल्या त्याच्या मेहुण्याने बोलावलंय, पंधरा दिवसांनी जायचं. मग म्हणाला, "आता साहेबाला सांग तू." मी म्हटलं, काय सांगू, मला काय झालंय? त्याने माझ्याकडे बघितलं, कप उपडा केला आणि उठला.

त्याच्या जागी पेणकडचा एक माणूस आला. चाळिशीचा, घरी चार लेकरं, अजून कायम झालेला नाही. माणूस चांगला, पण त्याचं सगळं काम तोंडाने चालायचं. हात कुठेतरी गुंतलेले आणि तोंड उघडं. अष्टमीवाला त्याचा हात धरून वर करायचा, मूठ आवळून दाखवायचा. दुसऱ्या घटकेला तो परत आपला बोलायला लागायचा.

अष्टमीवाल्याच्या शेवटच्या दिवशी नव्याने ठोकळ्याला साखळी घातली, अंगठा दाखवला आणि साखळी नीट बसवायला परत हात घातला. मी उचलायला घेतलं. साखळी ताणली गेली. त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मला वाटलं, तो हसतोय. मी उचलत राहिलो. मग शेडच्या पार टोकाकडून अष्टमीवाला दोन्ही मुठी वर करून धावत आला, आणि मी थांबवलं.

दोन बोटं चेचली. साहेबांनी त्याचीच चूक धरली. खूण दिल्यावर हात कशाला घातला? उद्यापासून येऊ नको. हे मला तोच सांगायला आला, पट्टी बांधून घेतल्यावर. माझ्यासमोर उभा राहिला आणि तो पट्टीचा हात त्याने दुसऱ्या हाताला जोडला. "दादा, तुमचं साहेब ऐकतील. परत हात घालनार नाय म्हनावं. मला काढू नका म्हनावं." मी मान हलवली. तेवढीच हलवली.

गेटवर अष्टमीवाला थांबला होता. मिठी मारील असं वाटलं. त्याने माझे दोन्ही खांदे धरले आणि तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "तो वरडला होता. सगल्या शेडला आयकू गेलं." मग पुलाकडे चालू लागला. मी उभा होतो तिथेच उभा राहिलो. त्याने मागे वळून हात केला नाही.

घरी दिवेलागणीला देवापुढे उभा राहिलो. माझी नोकरीची सहा वर्षं राहिली होती, मुलीचं लग्न व्हायचं होतं. मी देवाशी सौदा करत होतो, की त्याला दुसरीकडे कुठे तरी काम लागू दे, मला इथेच राहू दे. हात जोडायला गेलो तर ते जवळ येईनात. ती पट्टी डोळ्यांसमोर. मी हात तसेच सोडले आणि देव्हाऱ्यापुढे खाली बसलो. बायकोने दारातून पंजा हलवून विचारलं, काय? मी मान फिरवली. त्या रात्री जेवलो नाही. अशी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि सांगायची हिंमतही होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडीला हात लावला नाही. सरळ साहेबाच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, "काल तो वरडला. मला आयकू आलं नाय. दोन वर्षं येत नाय. चूक माझी हाय, त्याला काढू नका." किती मोठ्याने बोललो कोण जाणे, काचेबाहेरची माणसं वळून बघायला लागली. साहेब तोंडावर हात धरून काहीतरी बोलू लागला. मी टेबलाजवळ गेलो आणि म्हटलं, "साहेब, तोंडावरचा हात काढा. तुमी काय बोलता ते मला दिसू द्या."